आखाजीचा रस: आढीपासून कोयी धुण्यापर्यंत

रस मिक्सरमधून काढायचा असेल तर हे वाचायची गरज नाही. आंबे सोला, फोडी करा, बटन दाबा, पाच मिनिटांत मोकळे. मी सांगतोय तो हाताने पिळलेला रस. आमच्या घरात तो आधी आजा करायचा, मग आबा करायला लागले आणि आता मी करतो. जिन्नस म्हणाल तर आंबे, चिमूटभर मीठ, लागला तर गूळ, थोडी सुंठ आणि वरून तूप. एवढ्या कमी जिन्नसांचा पदार्थ बिघडला तर झाकायला हाताशी काही नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. नोकरी एसटीत कंडक्टरची झाली. दिवाळीला डबल ड्यूटी केली, पण आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, रजा सोडली नाही, कारण त्या दिवशी घरात कामाची वाटणी पक्की असते: खापर बायकांचं, रस पुरुषांचा. खापरावरची पुरणपोळी हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची, मग ती अलगद तापलेल्या खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, सोडायची, हे एकटीचं काम नाही. एक जण पोळी फिरवते, दुसरी उंडे भरून देते, तिसरी चुलीचा जाळ सांभाळते. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन आणि आत ती चूल. आखाजीला पत्ते खेळायची आमच्याकडे जुनी चाल आहे, त्यामुळे गडी माणसं सकाळपासून ओट्यावर डाव मांडून बसलेली. मग आतून मोठ्या मायची हाक यायची, “पत्ता ठेवा, आंबा धरा!” ज्याने ऐकलं नाही त्याच्या वाटीत रस कमी पडायचा. हे मी बघितलेलं आहे.

आता आंब्यांकडे.

आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. इंग्रजी तारखेने ती मागेपुढे सरकते. २०२४ साली १० मेला होती, २०२५ साली ३० एप्रिललाच आली. गावरान आंबा पंचांग बघून पिकत नाही. आमच्या भागात त्याचा खरा जोर मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालतो. त्यामुळे आखाजी लवकर आली की सणाचा रस बाजारच्या आंब्याचा, आणि गावरानाचा रस पुढे महिनाभर सवडीने. त्यात कमीपणा काही नाही. पितरांची घागर भरून, त्यावर डांगर (खरबूज), सांजोरी आणि आंबा ठेवून, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकल्याशिवाय आमच्याकडे नवा पिकला आंबा तोंडाला लावत नाहीत. तोवर मुलं आढीभोवती घोटाळत असतात.

बाजारात गेलात तर एकाच जातीचे आंबे घेऊ नका. रसाची सगळी गंमत मिसळण्यात आहे. लालबाग लवकर येतो, त्याला आंबटपणा असतो आणि रस पातळ निघतो. बदाम मोठा, गर भरपूर, गोडी बेताची, वास जवळपास नाही. केसरला रंग आणि वास दोन्ही. केसर आमच्याकडे बराचसा गुजरातेतून, वलसाडच्या बाजूने येतो. सुरत-भुसावळ रेल्वेच्या रस्त्यावरच अमळनेर आहे, त्यामुळे ही ये-जा जुनी. सहा-सात माणसांच्या घरासाठी मी दोन किलो केसर आणि एक किलो लालबाग घेतो. केसर महाग असला तर एक किलो केसर, एक किलो बदाम, एक किलो लालबाग. नुसत्या बदामाचा रस करू नका, पिवळी पेज होते. हापूसबद्दल माझं मत पुष्कळांना पटत नाही, पण सांगतो. हापूस कापून खावा. त्याचा रस इतका घट्ट होतो की खापराची पोळी त्यात बुडत नाही, नुसती टेकते.

गावरान मिळाला तर मग विचारायलाच नको. आमच्या बांधावरच्या झाडांना प्रत्येकाला नाव आहे. शेंदऱ्या तोंडाशी लालभडक, रस पाण्यासारखा आणि गोड. गोटी लिंबाएवढी, पण साखर. खोबऱ्याचा गर कोरडा, तो रसाला दाटपणा देतो. शेप्याला शेपूच्या भाजीचा वास येतो, म्हणून लहानपणी आम्ही तो टाळायचो. आजा मात्र प्रत्येक पातेल्यात मोजके शेप्या घालायचाच. मोठं झाल्यावर कळलं की त्या वासाशिवाय आमचा रस शेजारच्या घरच्या रसासारखाच लागतो. तुमच्याकडे अशी झाडं नसतील तर आठवडे बाजारात ढीग लावून बसलेल्या बाईकडून घ्या, आणि एकाच ढिगातले घेण्याऐवजी दोन-तीन ढिगांतले घ्या. सातपुड्याच्या पायथ्याकडून, धडगाव-अक्कलकुव्याकडूनही गावरान येतो. तिकडे आंबा इतका की कैऱ्या सोलून वाळवून आमचूर करतात आणि तोच मोठा धंदा आहे. शिरपूर-चोपडा रस्त्यावरच्या गाडीला मी होतो तेव्हा मे महिन्यात टपावर सामान कमी आणि आंब्याच्या पाट्याच जास्त असायच्या. सगळी गाडी वासाने भरून जायची आणि तिकीट फाडता फाडता भूक लागायची.

वजनाचा हिशेब लक्षात ठेवा. गावरानात साल आणि कोय जास्त, त्यामुळे तीन किलोचा सव्वा ते दीड लिटर रस निघतो. केसर तेवढाच घेतला तर पावणेदोन लिटरपर्यंत जातो. आमच्याकडे रस तोंडी लावायला नसतो, पितात. माणशी पाव लिटरच्या खाली हिशेब धरलात तर पंगतीत मान खाली घालावी लागेल.

आंबे कच्चे आणून घरी पिकवणार असाल तर आढी घाला. झाडाला पाड लागला, म्हणजे एखाद-दुसरा आंबा झाडावरच पिकून खाली पडायला लागला, की बाकीचे उतरवायला तयार झाले असं समजायचं. जाळीच्या काठीने, बोटभर देठ ठेवून उतरवा. आपटलेला आंबा आढीत घालू नका. तो तिथून सडतो आणि शेजाऱ्यालाही सडवतो. जागा घरातली सगळ्यात थंड आणि अंधारी निवडा. धाब्याच्या घरात कोठीची खोली असायची, आता स्लॅबची घरं झाली, तर जिन्याखालची जागा बरी. पत्र्याखाली मुळीच नको, आमच्या उन्हात तिथे आंबा पिकत नाही, उकडतो. खाली चार बोटं गव्हाचं काड, त्यावर आंब्यांचा एक थर, पुन्हा काड, पुन्हा आंबे. तीन थरांच्या वर जाऊ नका. वरून गोणपाट. पिकणारा आंबा स्वतःच इथिलीन वायू सोडतो, काड तो धरून ठेवतं आणि ऊबही धरतं, त्यामुळे शेजारचा आंबाही पिकायला लागतो. आढीत एक-दोन पाडाचे आंबे ठेवायची रीत आहे ती याचसाठी.

तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी आढी उघडा. हे काम मुलांना द्या, त्यांना हौस असते. पिकलेले वेगळे काढा, डाग पडलेले लगेच खाऊन टाका. गावरान आंबा पाच ते आठ दिवसांत होतो. दाबून बघायची सवय वाईट, दाबलेल्या जागी काळं पडतं. नाक देठापाशी न्या. वास आला की झाला.

कार्बाईडचं एक सांगून पुढे जातो. कॅल्शियम कार्बाईडने फळं पिकवायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे. इथिलीन वायूची खोली वापरून पिकवायला परवानगी आहे, त्याची मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. बंदी असूनही पुडी घालून पिकवलेला आंबा बाजारात येतो. तो बाहेरून सगळीकडे सारखा पिवळा दिसतो आणि आत कोयीजवळ पांढरट, आंबट राहतो. असल्या आंब्याचा रस किती गूळ घातला तरी सुधारत नाही. म्हणून पाटी घेण्याआधी एक आंबा विकत घेऊन तिथेच कापायला लावा. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान बघा.

रस करायच्या दिवशी आंबे सकाळी पाण्यात घाला. मोठं घमेलं किंवा टोप घ्या, आंबे पूर्ण बुडाले पाहिजेत. निदान दोन तास. आमच्याकडे घागर भरायला उठतात तेव्हाच आंबे पाण्यात पडतात. याने दोन कामं होतात. साल आणि देठाजवळचा चीक सुटतो, जो ओठांना लागला की फोड येतात. आणि आढीतला आंबा आतून गरम असतो, तो निवतो. गरम आंब्याचा रस लवकर फसफसतो. फ्रीजमधून काढलेला गारठलेला आंबाही पिळायला घेऊ नका, गर कोयीला धरून बसतो आणि हात दुखतात.

भांडी अशी मांडा: एक मोठं पातेलं रसासाठी, एक लहान वाडगं, एक घमेलं साली-कोयींसाठी आणि एक तांब्या पाणी हात धुवायला. पातेलं स्टीलचं असेल तर प्रश्नच नाही. जुनं पितळी पातेलं काढायचा मोह होतो, पण आत कल्हई नीट हवी. रस आंबट असतो, उघड्या पितळेत तो कळकतो. कल्हईवाला आता गावात क्वचित येतो, म्हणून आमचं पितळी पातेलं माळ्यावर आणि स्टीलचं चुलीपाशी.

लहान वाडगं विसरू नका. सगळी पद्धत त्या वाडग्यावर उभी आहे.

आंबा दोन्ही तळव्यांत धरा. बोटांची टोकं लावू नका, तळवेच. हलक्या हाताने गोल गोल घोळायला लागा, आधी पोटाकडून, मग चोचीकडून, मग देठाकडे. माझ्यासारखा उतावळा पोरगा अंगठ्याने दाबायला गेला की आजा म्हणायचा, “दाबाना नई भो, चोयाना.” दाबलं की साल एका जागी फाटते आणि गर तिथूनच बाहेर येतो, बाकीचा आत तसाच. चोळत राहिलं की दोन-तीन मिनिटांत आतली कोय सुटल्याचं हाताला कळतं. साल तशीच असते पण आत काहीतरी सरकतंय, फिरतंय असं वाटतं. तेव्हा थांबा. आता देठाचं बोंड नखाने काढा. आंबा उलटा करून पहिले दोन-चार थेंब साली-कोयींच्या घमेल्यात पडू द्या, त्यात उरलासुरला चीक असतो. त्यानंतरचा थेंब डाव्या मनगटावर घ्या आणि चाखा.

गोड आहे, आंबट आहे, सपक आहे, काय ते जिभेने ठरवा आणि मगच तो आंबा लहान वाडग्यात पिळा. चोचीकडून वर देठाकडे मूठ आवळत न्यायची. रस आला की साल देठापाशी थोडी उसवून कोय बाहेर ओढा, बोटांनी कोयीवरचा गर खरवडा, साल उलटी करून तीही निपटा. वाडग्यातला रस डोळ्यांनी बघा. रंग ठीक? अळी नाही? कोयीत भुंगा नाही? वास आंबूस नाही? मगच वाडगं पातेल्यात रिकामं करायचं आणि पुढचा आंबा.

गावरान आंब्यात बाहेरून निर्मळ दिसणाऱ्या फळाच्या कोयीत भुंगा बसलेला निघतो. एखादा आंबा देठाशी आतून नासलेला असतो आणि सालीवर त्याचा मागमूस नसतो. तो थेट पातेल्यात गेला की तीन किलो आंबे वाया. वाडग्यात गेला तर एकच आंबा वाया.

माझी सून नाशिकची. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ती म्हणाली, “बाबा, मी मिक्सरला लावते ना, दहा मिनिटांत होईल.” मी म्हटलं, लाव, पण प्रत्येक आंबा आधी चाखून लाव. ती दोन-चार आंबे चाखत बसली आणि मग तिथेच पाट ओढून पिळायलाही लागली, कारण अर्धं काम तर झालंच होतं. आता ती माझ्यापेक्षा भरभर पिळते आणि एक गोष्ट तिनेच माझ्या लक्षात आणून दिली. एकदा उरलेले आंबे तिने मिक्सरला लावले होते, दोन्ही रस शेजारी ठेवले तर मिक्सरचा फिकट आणि वर फेस. पात्यांबरोबर हवा आत जाते, त्यामुळे रंग उतरतो. शिवाय गावरान आंब्याच्या दशा, म्हणजे गरातले धागे, बारीक तुकडे होऊन रसातच राहतात, चाळणीत अडकत नाहीत आणि दातांत मात्र अडकतात. हाताने पिळलं की दशा लांबच राहतात, बऱ्याचशा कोयीलाच चिकटून येतात.

खापर बायकांचं, रस पुरुषांचा, हा नियम तेव्हापासून अर्धा मोडला. पुरुषांपैकी कुणी खापराकडे सरकलं मात्र नाही. सुनेचं यावर म्हणणं आहे आणि ते रास्त आहे.

सगळे आंबे झाले की रस चाळून घ्या. पुरणयंत्राची मोठ्या भोकांची चाळणी किंवा स्टीलची पिठाची जाड चाळण चालते. फडक्यातून गाळू नका, रसाचा जीवच फडक्यात राहतो. बदाम-केसरचा रस असेल तर चाळायचीही गरज नाही, रवीने दोन-चार वेळा घुसळला की गुठळ्या मोडतात.

मग चव जमवायची. इथे घाई करू नका आणि सगळ्यांना चाखायला बोलावू नका, चार माणसं चार गोष्टी सांगतात. एकाने ठरवायचं. पहिल्यांदा मीठ, दीड लिटरला दोन चिमटी. ते घालून नीट ढवळा आणि पुन्हा चाखा. मिठाने गोडी वर येते, त्यामुळे गोडाचा निर्णय मिठानंतर. अजून आंबट वाटला तर गूळ किसा, वाटीभर रसात तो पूर्ण विरघळवा, गाळा आणि मग पातेल्यात घाला. गुळाचा खडा थेट टाकला तर तळाशी बसतो आणि शेवटच्या माणसाच्या वाटीत काकवी जाते. गुळात खडे-काड्या असतात तेही गाळण्यात निघतात. साखर चालते का? चालते. बाजारच्या आंब्याच्या रसाला मी साखरच घालतो, कारण गुळाचा रंग केसरला मारतो. गावरानाला गूळ. साखर पडायच्या आधीच एक वाटी मी माझ्यासाठी बाजूला काढतो, डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय. आंब्याचं स्वतःचं गोड त्यात धरत नाही, असं मी घरच्यांना सांगून ठेवलंय.

रस सपक, नुसता गोड झाला तर एक-दोन आंबट लालबाग त्यात पिळा. म्हणूनच मघाशी म्हटलं, एका जातीवर राहू नका, आणि दोन-तीन आंबे शेवटपर्यंत न पिळता बाजूला ठेवा.

दाटपणा पोळीवर ठरतो. खापरावरची पोळी पातळ आणि मऊ असते, रसात बुडवली की तिने रस पिऊन घ्यायला हवा. म्हणून आमचा रस पळीतून ओतला की सलग धारेने पडला पाहिजे. गावरानाचा तसाच असतो. बदाम-केसरचा घट्ट झाला तर निवलेलं, तापवून थंड केलेलं दूध लिटरभर रसाला एक वाटीपर्यंत घाला. दूध गरम असेल किंवा रस फार आंबट असेल तर फाटतं, म्हणून आंबट रसात दुधाच्या नादी लागू नका, थंड पाणी घाला. दूध घातलेला रस त्याच जेवणात संपवायचा. तव्यावरची नेहमीची पुरणपोळी किंवा साधी पोळी असेल तर थोडा दाट ठेवलात तरी बिघडत नाही.

सुंठ बारीक कुटून वस्त्रगाळ करा, लिटरला अर्धा चमचा. पोटाला रस जड जातो, सुंठ असली की बाधत नाही असं मोठी माय म्हणायची. चवीलाही तिची गरज आहे, घशाला जरा चरका बसतो. वेलची, जायफळ, केशर यांतलं काहीच घालू नका. शेप्याचा वास वेलचीखाली मेला तर आंबे मिसळायचे कष्ट कशाला घेतले? तूप रसात ढवळायचं नाही, वाढताना प्रत्येकाच्या वाटीत वरून एक चमचा, पातळ केलेलं. तूप घरचं, कढवलेलं. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. गावात वनस्पती तुपाचा कारखाना असूनही आमच्या रसावर मात्र लोणी कढवलेलंच तूप पडलं. मोठी माय तळणाला डालडा वापरायची, रसाला नाही.

जेवणाला वेळ असेल तर पातेलं झाकून थंड पाण्याच्या परातीत ठेवा, किंवा सरळ फ्रीजमध्ये. रस काळा पडू नये म्हणून त्यात एक कोय ठेवायची पद्धत आहे. माझ्या मते खरं काम झाकणाचं आणि गारव्याचं, रसाला हवा कमी लागली की रंग टिकतो. कोय मी तरीही ठेवतो. आमच्या हवेत बाहेर ठेवलेला रस दुपारपर्यंत फसफसायला लागतो. बुडबुडे दिसले, वास बदलला की हळहळ न करता टाकून द्या.

ताटात खापराची पोळी, कटाची आमटी, भजी, भात आणि तळलेली कुरडई. कुरडई रसात मोडून खायची, पण एका वेळी एक घास मोडायची, सगळी एकदम टाकली तर लगदा होतो. सणानंतरच्या दिवसांत पोळीचा व्याप नको असेल तर हातशेवया उकडा, पाणी निथळून घ्या, त्यावर रस ओता. मला विचाराल तर सणाच्या ताटापेक्षा हे जास्त आवडतं. बायकोसमोर विचारू नका.

आता घमेल्यातल्या साली-कोयी. त्या फेकायच्या नाहीत, रसाएवढीच चव त्यांना अजून धरलेली असते. घमेल्यात चार-पाच वाट्या पाणी घालून कोयी-साली हाताने चांगल्या चोळून धुवा आणि ते पाणी गाळून घ्या. पहिल्यांदा पाडलेल्या चिकाच्या थेंबांची काळजी वाटत असेल तर ते वेगळ्या वाटीत पाडत जा, मी हल्ली तसंच करतो. या गाळलेल्या पाण्यात एक मोठा चमचा बेसन कालवा, गुठळी राहू देऊ नका. कढईत तेलाची फोडणी: मोहरी, जिरं, हिंग, चार-पाच हिरव्या मिरच्या ठेचून, लसणाच्या पाकळ्या, कढीपत्ता. त्यावर हे पाणी ओता, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घाला, मंद जाळावर ढवळत उकळी आणा. दाट व्हायला लागलं की उतरवा. हाच फजिता. संध्याकाळी कुणालाच जड खायचं नसतं, तेव्हा गरम भातावर हा आंबट-गोड-तिखट फजिता आणि सोबत भाजलेला पापड. मुलांना मिरची कमी हवी असेल तर त्यांची वाटी फोडणीआधी काढून, नुसतं उकळून द्या.

रस उरलाच, जे आमच्याकडे फारसं होत नाही, तर दूध न घातलेला रस तुपाचा हात लावलेल्या ताटात पातळ पसरून वर पातळ मलमल बांधा आणि कडक उन्हात वाळवा. एक थर सुकला की त्यावर दुसरा. हाताला चिकटेनासा झाला की सुरीने पट्ट्या सोडवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मृगाचे ढग दिसायच्या आत हे काम आटपा, एकदा दमट हवा लागली की ही आंबापोळी वाळत नाही, बुरशी धरते. धुतलेल्या कोयी सावलीत दोन दिवस सुकवून बांधाच्या कडेला पुरा. शेंदऱ्याच्या कोयीतून शेंदऱ्याच येईल याची खात्री नसते, पण आंबा येतो.